जनसंवादाच्या पदवीला मायनर आणि बाकीचे विषय कोणते घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव तासगाव तालुक्यातलं, बारावी कला, सांगलीत बी. ए. जनसंवादाला प्रवेश झालाय. मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरलेलाच आहे. मायनर (जोडीचा दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय) आणि कौशल्याचा पेपर सोमवारपर्यंत भरायचाय. सीनियर म्हणतात, 'मराठी घे, मार्क पडतात.' घरचे म्हणतात, 'इंग्लिश घे, नोकरी लागते.' तुम्ही काय घ्यावं? शिवाय मध्येच बाहेर पडलं तर काय मिळतं?

मी सांगेन भूगोल. हसू नका, आधी ऐकून तर घ्या.

मी हीच पदवी जुन्या पद्धतीत केली. तेव्हा निवडायला फारसं नव्हतंच, आणि जेवढं होतं तेवढं मी सोप्या पेपरांवर घालवलं. जाहिरात घेतली, कारण मैत्रिणीनं घेतली होती. आकडेवारीच्या पेपराच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही. नंतर काही वर्षं सांगलीत एका दैनिकाच्या डेस्कवर काढली. आता मिरजेत एका हॉस्पिटलचं प्रसिद्धीचं काम बघते आणि आठवड्यातून दोन दिवस तासिका तत्त्वावर शिकवते. त्यामुळं तुमच्या हातात आहे तो फॉर्म दरवर्षी माझ्याही हातातून जातो.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्याही पुढं गेलेलं. ऑफिसात जाता येत नव्हतं, म्हणून आम्ही चौघं विश्रामबागेत एका सहकाऱ्याच्या घरी बसून पानं लावत होतो. रात्री साडेअकराला कोयना धरणाच्या विसर्गाचा आकडा आला आणि मी ठोकून दिलं, 'कोयनेतून पन्नास हजार टीएमसी विसर्ग'. तपासणाऱ्याचीही नजर चुकली, पान गेलं. सकाळी सातला विट्याहून एका वाचकाचा फोन आला. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले गृहस्थ, आवाज एकदम शांत. "ताई, कोयना काठोकाठ भरली तर १०५ टीएमसी. तुम्ही काल रात्रीत पावणेपाचशे कोयना सोडल्या. आम्ही सगळे वाहून गेलोय, मी समुद्रातनं बोलतोय."

मग त्यांनीच फोनवर शिकवणी घेतली. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी जातंय ते. टीएमसी म्हणजे साठा, शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेकनं पूर्ण दिवस पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. म्हणजे पन्नास हजार क्युसेक चोवीस तास सोडलं, तर सव्वाचार टीएमसीहून थोडं जास्त. पाच मिनिटांत समजलं. पदवीच्या तीन वर्षांत या पाच मिनिटांची वेळ आली नव्हती, कारण ती येईल असा एकही पेपर मी घेतला नव्हता. त्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर धरणांबद्दल नाही नाही ते मेसेज फिरत होते. खोटे आहेत हे वाटत होतं, पण का खोटे ते चार ओळींत लोकांना पटेल असं मांडता येईना. बातमीचा इंट्रो कसा लिहायचा ते मला येत होतं. नदी येत नव्हती.

म्हणून मायनरकडं मी असं बघते: मेजर तुम्हाला सांगायचं कसं ते शिकवणार, सांगायचं काय ते मायनरमधून यायला हवं. आणि मायनर काही एका सेमिस्टरचा मामला नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत त्याला १८ ते २० क्रेडिट असतात आणि थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. जवळपास तीनशे तास तुम्ही एका विषयाला देणार आहात. ते 'मार्क पडतात' म्हणून द्यायचे का, हे तुम्हीच ठरवा.

मग भूगोलच का? आपल्या जिल्ह्यासाठी माझं हे उत्तर आहे, पुण्या-मुंबईच्या मुलीला कदाचित वेगळं सांगितलं असतं. सांगली जिल्ह्यात पलूस-वाळव्यात बोटी फिरतात त्याच वर्षी जत-आटपाडीला टँकर लागलेले असतात. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी कुणाच्या शिवारात पोचलं आणि कुणाच्या नाही, यावर इथल्या निवडणुका फिरतात. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवरून दरवर्षी वाद पेटतो. हे सगळं ज्याला नकाशावर बोट ठेवून सांगता येतं, असा माणूस इथल्या डेस्कांवर शोधून सापडत नाही. घरच्यांना सांगायला आणखी एक गोष्ट देते: राज्यसेवेच्या अभ्यासक्रमात भूगोल आहेच.

भूगोल मिळाला नाही तर अर्थशास्त्र, नाहीतर राज्यशास्त्र. कागदावर पाच मायनर लिहिलेले असतात, पण ज्याचे शिक्षक आहेत तेच खरे, हेही ध्यानात ठेवा. आणि मराठी? माझा मराठीशी दावा नाही, कविता वाचल्याशिवाय मला झोप येत नाही. पण तुम्ही ज्या भाषेत रोज लिहिणार आहात तिच्यावर हात तसाही बसणारच. साहित्याची खरीच ओढ असेल तर बिनधास्त घ्या. सोपं जातं म्हणून घेऊ नका. तीच गोष्ट इंग्लिशची. नोकरीला लागतं ते कामाचं इंग्लिश, आणि ते शेक्सपिअरच्या पेपरातून येत नाही.

आता ओपन इलेक्टिव्ह. याचा नियम असा की तो तुमच्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. कलाशाखेच्या पोरी इथं घाबरतात आणि 'योग' किंवा 'फुलांची सजावट' असं काहीतरी शोधत बसतात. तुम्ही वाणिज्यकडं जा. हिशेबाची तोंडओळख, बँकिंग, सहकार, जे असेल ते.

तुमच्या घरी सोसायटीचा नाहीतर साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल येतच असेल. तो एकदा उघडा. सुरुवातीची पानं चेअरमनसाहेबांचे फोटो, श्रद्धांजल्या, अभिनंदनाचे ठराव. तिथंच आपण मिटवतो आणि त्यावर भाजी निवडायला घेतो. खरी बातमी मागच्या पानांवर असते: देणी किती वाढली, व्याज किती भरलं, लेखापरीक्षकानं बारीक अक्षरात काय शेरा मारलाय. सप्टेंबरअखेरपर्यंत सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, तेव्हा वार्ताहर सभेला जातो, 'खेळीमेळीत पार पडली' असं लिहून येतो. अहवालाची मागची चार पानं वाचता आली असती तर तीच सभा वेगळी दिसली असती. उसाचंच बघा. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, १४ दिवसांत द्यायची असा नियम आहे आणि ती १०.२५ टक्के उताऱ्याच्या, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाच्या, पायावर ठरते. तो पाया म्हणजे काय, हे न समजता ऊसदराच्या आंदोलनाची बातमी लिहिणारे मी डझनानं पाहिलेत. मीही त्यातलीच होते.

कौशल्याच्या पेपरात बहुतेक ठिकाणी व्हिडिओ एडिटिंग, फोटोग्राफी, रेडिओ, अनुवाद असे पर्याय दिसतील. सगळ्यांच्या उड्या एडिटिंगवर. रील कापायला तुम्हाला फोननं आधीच शिकवलंय. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास असतात, म्हणजे दोन क्रेडिटला साठ. त्या साठ तासांत कॅमेरा किती वेळा हातात आला, एवढंच सीनियरना विचारा. तीस पोरांत दोन कॅमेरे असतील तर तुम्ही साठ तास दुसऱ्याची पाठ बघणार.

मी अनुवाद घेईन. ग्लॅमर शून्य, पण रोजची भाकरी त्यावरच आहे. डेस्कवर येणारा निम्मा मजकूर इंग्रजीतून येतो. हॉस्पिटलातलं माझं कामही निम्मं तेच. एक उदाहरण देते. रक्ततपासणीच्या सूचनांचा कागद माझ्याकडं आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं, 'चाचणीपूर्वी बारा तास निराहार राहावे'. व्याकरणात खोट नव्हती. पण सकाळी माणसं चहा-बिस्किट खाऊन यायची आणि परत जायची. जतहून आलेल्या एका मावशींना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आहार कुठं घेतला बाई, नुस्ता च्या पिलाय." कागद बदलला: 'रात्री आठनंतर काही खायचं नाही. सकाळी चहासुद्धा नको. साधं पाणी चालेल.' परत जाणारे जवळजवळ बंद झाले. अनुवादाचा पेपर चांगल्या शिक्षकाकडं पडला तर हेच शिकवतो, आणि हे तुम्हाला रेडिओत, जाहिरातीत, सरकारी माहिती खात्यात, कुठंही उपयोगी पडतं.

रेडिओ मिळत असेल आणि रेकॉर्डिंगची खोली खरोखर चालू असेल, तर तो दुसरा. सांगलीत आकाशवाणीचं केंद्र आहे, साताऱ्यातही आहे. नैमित्तिक उद्घोषकांसाठी अधूनमधून आवाजाची चाचणी होते. कानावर लक्ष ठेवून लिहायची सवय रेडिओ लावतो. मोठी वाक्यं तिथं आपोआप मोडतात.

मेजरमधले पेपर निवडायचे नसतात म्हणून त्यावर फार लिहीत नाही. पण सिद्धांताच्या पेपराला पोरं उगाच नाकं मुरडतात. लॅसवेल या अमेरिकी अभ्यासकानं १९४८ मध्ये पाच प्रश्न मांडले: कोण बोलतंय, काय, कशातून, कुणाशी आणि परिणाम काय. पाठ केले तर दहा मार्क मिळतात. तुमच्या द्राक्षबागेला लावून बघितले तर मजा येते. फवारणीचा सल्ला ॲपवर येतो, चाळीस जण वाचतात आणि फवारतात मात्र शेजारच्या अण्णांनी फवारल्यावर. माध्यमातून गोष्ट आधी काही जाणत्या लोकांकडं जाते आणि त्यांच्याकडून बाकीच्यांकडं, हे काट्झ आणि लाझार्सफेल्ड या अभ्यासकांनी १९५५ मध्ये सविस्तर मांडलं होतं. तासगावात ते रोज बांधावर घडतं.

कायद्याचा पेपर ऐच्छिक असेल तर तो सोडू नका. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. जुन्या नोट्समध्ये दंडविधानाची ४९९-५०० सापडतील, त्यावर विसंबू नका. माहिती अधिकाराचा एक अर्ज पहिल्याच वर्षी स्वतः करून बघा. दहा रुपये फी आणि उत्तराला तीस दिवस. उत्तर आलं नाही तर अपील कसं करायचं, तेही त्यातच शिकाल.

सीनियरचं 'मार्क पडतात' हे मी अगदीच झटकत नाही. शिष्यवृत्ती मार्कांवर असेल तर विचार करावाच लागतो. पण पेपराचं नाव बघून ठरवू नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाची पीडीएफ असते, तिच्यात प्रत्येक पेपराचे घटक आणि अंतर्गत मार्क कशाला आहेत ते दिलेलं असतं. 'माध्यम आणि समाज' असं भारदस्त नाव असतं आणि आत चार घटक नुसत्या व्याख्यांचे. उलट 'संशोधन पद्धती' ऐकून धडकी भरते आणि आत गावात जाऊन पन्नास घरांचा सर्व्हे करा असं सुटसुटीत काम असतं. असा सर्व्हे ज्यांनी मनापासून केला त्यांना मार्कही पडले, हे मी तपासून बघितलंय, कारण पेपर मीच तपासते.

एक वर्षानं सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनी डिप्लोमा मिळतो, हे तुम्ही विचारलंय. सोय अडचणीसाठी आहे. आत्तापासून त्याचा बेत करू नका, एवढंच. प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण तिसऱ्या वर्षात येईल, चार क्रेडिटचं. ते मामांच्या यूट्यूब चॅनलचं सर्टिफिकेट आणून उरकू नका. तेव्हा पुन्हा लिहा, कुठं विचारायचं ते सांगेन.

सोमवारी फॉर्म भरायच्या आधी एक काम करा. ऑफिसातून नाही, विभागातल्या शिपाईमामांकडून गेल्या वर्षीचं टाइमटेबल मागा. त्यांच्याकडं असतं. भूगोलाचं प्रात्यक्षिक दुपारी लागतं आणि कौशल्याचा पेपरही बऱ्याचदा दुपारीच ढकललेला असतो. तुमच्या गावची शेवटची थेट एसटी किती वाजता आहे ते त्याच्याशेजारी मांडून बघा. दोन्ही एकाच दिवशी येत असतील तर कौशल्याच्या पेपराची बॅच बदलून मागा. पहिल्या आठवड्यात बदलून देतात, नंतर कुणी दाद लागू देत नाही.