अमृतसरपर्यंत तरी या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘लिजेंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’ या जपानी ॲनिमेशन मालिकेचे पाच भाग बघून झाले. माणसं खोल्यांत बसून बोलत राहतात, जहाजं रांगा लावून किरणं सोडतात, चित्रं जुनाट, नावं ढिगाने, आणि अजून १०५ भाग बाकी आहेत. पुढे बघावं की सोडावं, आणि बघायचं तर कोणत्या क्रमाने?

बघा. मी ही मालिका दोनदा शेवटपर्यंत पाहिली आहे आणि सध्या तिसऱ्यांदा वडिलांबरोबर बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पंधराव्या-सोळाव्या भागापर्यंतचं कथानक थोडं उघडं करावं लागेल. त्यापुढच्या एका प्रसंगाबद्दल लिहिताना आधी इशारा देईन, तेवढा परिच्छेद हवा तर गाळा.

संथपणाची तक्रार खरी आहे. योशिकी तानाकांच्या मूळ दहा कादंबऱ्या १९८२ ते १९८७ या काळात आल्या आणि नोबोरू इशिगुरोंच्या दिग्दर्शनाखाली १९८८ पासून १९९७ पर्यंत त्यांची ही ११० भागांची मालिका झाली. ती टीव्हीसाठी केलेली नव्हती. वर्गणी भरलेल्या लोकांना व्हिडिओ कॅसेट घरपोच यायच्या. पैसे आधीच भरलेला प्रेक्षक मध्येच चॅनेल बदलणार नसतो, त्यामुळे दर पाच मिनिटांनी त्याला दचकवायची गरज कुणाला वाटली नसावी, असं मला वाटतं. मग हातात आलेला सगळा वेळ त्यांनी माणसांवर खर्च केला.

पहिले तीन भाग पुन्हा आठवून बघा. अस्टार्टेच्या लढाईत आघाडीची, म्हणजे लोकशाही ग्रहांच्या संघाची, ४०,००० जहाजं आहेत, तीन ताफ्यांत विभागलेली. साम्राज्याकडे २०,०००. साम्राज्याचा तरुण सेनापती राइनहार्ट एकेका ताफ्याला सुटं गाठून फोडतो, आणि शेवटी आघाडीचा अधिकारी यांग वेन-ली उरलेला ताफा सावरून लढाई बरोबरीत आणतो. निवेदक मिचिओ हाझामा मेलेल्यांचा आकडा सपाट आवाजात वाचतात. एकट्या आघाडीचे पंधरा लाखांहून जास्त. तो आकडा ऐकताना तुम्हाला काही वाटलं का? मला पहिल्या वेळी काहीही वाटलं नव्हतं.

मग येते तिसऱ्या भागातली श्रद्धांजली सभा. संरक्षण समितीचा अध्यक्ष ट्रुनिश्ट व्यासपीठावरून गर्जतोय, सभागृह उठून उभं राहतं, आणि यांग खुर्चीत बसून राहतो. शेजारचा खेकसतो तेव्हा यांग म्हणतो की हा देश स्वतंत्र आहे, उभं न राहण्याचंही स्वातंत्र्य असायला हवं. एवढ्यात मधल्या वाटेने एक तरुण बाई चालत येते. जेसिका एडवर्ड्स. जॉं रोबेर लाप तिचा होणारा नवरा, अस्टार्टेत गेलेला. ती अध्यक्षांना शांतपणे विचारते की माझा माणूस तर गेला, पण तुम्ही कुठे आहात? तुमच्या घरचे कुठे आहेत? ट्रुनिश्टकडे उत्तर नसतं. तो तिला बाहेर न्यायला सांगतो आणि राष्ट्रगीत सुरू होतं.

हा प्रसंग पुन्हा बघताना तिच्या चालण्याकडे लक्ष द्या. ती धावत नाही, ओरडत नाही. भरलेल्या सभागृहात सगळे उभे, एक माणूस बसलेला आणि एक बाई चालतेय, एवढंच चित्र आहे. पंधरा लाखांतला एक जण पहिल्यांदा माणूस झाला तो इथे.

पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती पडलेली सांकेतिक चिठ्ठी आपल्याला शाळेपासून माहीत आहे: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही. इतिहास बहुधा असाच लिहिला जातो. मोत्यांना नाव मिळतं, मोहरांना यादी, आणि खुर्द्याला काहीच नाही. ही मालिका खुर्दा मोजायला बसलेली आहे. म्हणून तर ती संथ आहे. आधी आकडा, मग त्या आकड्यातलं एक घर, मग पुन्हा आकडा. दहा-पंधरा भागांनी तोच निवेदक तसाच आकडा वाचतो आणि पोटात गोळा येतो.

तो भाग येईपर्यंत थांबा म्हणतोय मी. अमृतसर. जपानी उच्चार ‘अमुरित्सा’, पण आपल्या कानाला तो शब्द कळल्याशिवाय राहत नाही. मालिकेत ते एका ताऱ्याचं आणि त्याच्या परिसराचं नाव आहे. तिथवर गोष्ट कशी जाते ते बघा. आघाडीचं सरकार निवडणुका तोंडावर आल्या म्हणून साम्राज्यावर स्वारी ठरवतं. मंत्रिमंडळातले तिघेच विरोधात मत देतात, आणि त्या तिघांतला एक ट्रुनिश्ट असतो. का, ते तुम्ही स्वतः ओळखा. तीन कोटी सैनिक निघतात. राइनहार्ट लढतच नाही. तो सीमेवरच्या ग्रहांवरून सैन्य मागे घेतो आणि धान्यही उचलून नेतो. ‘मुक्ती’ द्यायला आलेल्या सैन्यासमोर कोट्यवधी उपाशी माणसं उभी राहतात.

इथे वडिलांबद्दल सांगायला हवं. अण्णा आर्मी सर्व्हिस कोअरमधून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर रेशन, रॉकेल आणि गाड्या. मी ही मालिका लावली तेव्हा ते पेपर वाचत बसले होते. सबटायटल वाचायचा त्यांना कंटाळा, म्हणून मी अधूनमधून सांगत होतो. चौदाव्या भागात आघाडीचे जवान गावकऱ्यांना हसत हसत अन्न वाटतात. अण्णांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “देतायत ते ठीक आहे. पण पोरांचं स्वतःचं किती दिवसांचं राहिलंय?”

मी व्हिडिओ थांबवला. मग पाऊण तास ते लडाखबद्दल बोलत होते. खिंडी बंद होण्याआधी सहा महिन्यांचा साठा वर कसा चढवायचा, काडेपेट्यांपर्यंत हिशेब कसा असायचा, एक गाडी दरीत गेली की कुठल्या चौकीचं काय कमी पडणार हे मध्यरात्री कसं मोजायचे. मला यातलं निम्मंही माहीत नव्हतं.

पुन्हा सुरू केलं. आघाडीची रसद घेऊन येणारा ताफा राइनहार्टचा जिवलग साथीदार किर्चाइस वाटेतच गाठतो. मुख्यालयातून हुकूम येतो की जिथे आहात तिथेच अन्नाची सोय बघा, म्हणजे काल ज्यांना वाटलं त्यांच्याकडूनच ओढून घ्या. आघाडीचा म्हातारा सेनापती ब्यूकॉक सरसेनापतींशी बोलायला मागतो तर मोहिमेचा आराखडा रचणारा फोर्क त्याला मध्येच अडवतो. ब्यूकॉक त्याला असा झाडतो की फोर्क तिथेच कोसळतो, आणि डॉक्टर सांगतात की हट्ट पुरवलेल्या मुलाला पहिल्यांदा नकार मिळाला की होतं तसं झालंय. मग ब्यूकॉक पुन्हा विचारतो, सरसेनापती कुठे आहेत? उत्तर मिळतं की ते झोपलेत, आणि शत्रूचा हल्ला झाल्याशिवाय उठवू नका असा हुकूम आहे. अण्णा काही बोलले नाहीत. उठून पाणी पिऊन आले.

तीन कोटींतले जवळजवळ दोन कोटी परत येत नाहीत. या वेळी आकडा ऐकताना तुम्हाला अस्टार्टेसारखं वाटणार नाही.

नावांची चिंता सोडा. मी पहिल्यांदा बघताना वहीत दोन रकाने करून नावं लिहिली होती, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. अण्णांना आजही एक नाव येत नाही. यांग म्हणजे ‘चहावाले साहेब’, कारण तो सतत चहा मागतो आणि त्याने सांभाळलेला मुलगा युलियन करून देतो. राइनहार्टचा सल्लागार ओबरस्टाइन ‘काचेच्या डोळ्यांचा’. राइनहार्टचाच सेनानी रॉयेंटाल ‘दोन रंगांच्या डोळ्यांचा’. आघाडीच्या पुरवठ्याचं काम बघणारा कॅझेल्न म्हणजे ‘रेशनवाला’, आणि तो त्यांचा सगळ्यात आवडता. गावात नाही का आपण माणसाला आधी त्याच्या कामावरून, खोडीवरून ओळखतो? तसं ओळखा. नावं मागाहून येतात.

आता इशाऱ्याचा परिच्छेद. वेस्टरलँड. साम्राज्यातल्या यादवीत ब्राउनश्वाइग नावाचा सरदार बंड केलेल्या आपल्याच ग्रहावर अणुबॉम्ब टाकायला निघतो. वीस लाख वस्ती. राइनहार्टच्या गोटात ही बातमी वेळेवर पोचते. ओबरस्टाइन सांगतो की होऊ द्या, चित्रीकरण करा, सरदारांविरुद्ध लोक पेटून उठतील, युद्ध लवकर संपेल आणि एकूण माणसं कमी मरतील. ते थांबवलं जात नाही. किर्चाइस, जो लहानपणापासून राइनहार्टच्या सावलीसारखा आहे, समोर येऊन विचारतो की हे खरं आहे का. तो म्हणतो, सरदारांशी झुंज हा सत्तेचा सामना आहे, पण सामान्य लोकांचा बळी दिलात तर त्या रक्ताचे डाग हातावरून जाणार नाहीत. राइनहार्ट तेव्हा चिडतो, आणि अधिकाराच्या भाषेत बोलतो. ओबरस्टाइनच्या बेरीज-वजाबाकीत चूक दाखवणं अवघड आहे, हे तो भाग तुमच्यापासून लपवत नाही. आणि तरी तुम्ही किर्चाइसच्या बाजूने असता. त्यानंतर दोन-तीन भागांत जे होतं ते मी सांगणार नाही. पहिला हंगाम २६ भागांचा आहे. २६ वा भाग रात्री उशिरा एकट्याने बघू नका, एवढंच.

चांगला राजा की वाईट लोकशाही, हा वाद तुमच्या डोक्यात आत्ताच सुरू झाला असेल. राइनहार्ट दहा वर्षांचा असताना त्याच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला, आनेरोजेला, सम्राटाच्या जनानखान्यात नेतात. तिथून त्याचा राग सुरू होतो आणि त्या रागातून तो खरोखर न्यायी, कर्तबगार राज्यकर्ता होत जातो. यांगला इतिहासकार व्हायचं होतं. वडील गेल्यावर पैसे नव्हते, फुकट इतिहास शिकायला मिळेल म्हणून तो सैनिकी अकादमीत गेला, आणि तो विभागच बंद पडल्याने लढाईच्या अभ्यासक्रमात ढकलला गेला. हा माणूस ट्रुनिश्टसारख्यांच्या सरकारसाठी लढतो आणि त्याला ते नीट माहीत असतं.

दोघं समोरासमोर एकदाच भेटतात. चकमक नाही, नुसत्या गप्पा. तिथे यांग जे म्हणतो त्याचा आशय असा: हुकूमशाहीचं पाप हे की राज्यकारभार बिघडला तर लोकांना दोष दुसऱ्यावर ढकलता येतो. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॉलेजात होतो आणि मला ते फसवं वाटलं. इतका चांगला राजा समोर असताना कशाला हवी ही डोकेदुखी? दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या वॉर्डातली निवडणूक नुकतीच झाली होती आणि मी मत द्यायला गेलो नव्हतो. त्यानंतर मी एकही मतदान चुकवलेलं नाही.

उणिवाही सांगतो. बायकांच्या भूमिका कमी आहेत आणि जेसिका, फ्रेडरिका, हिल्डा सोडल्यास पातळ आहेत. पृथ्वीला पूजणाऱ्या पृथ्वीपंथाच्या कारस्थानांचा धागा मला कधीच पटला नाही. जिथे माणसांच्या स्वभावातून गोष्ट पुढे जायला हवी तिथे लेखक त्या पंथाला पुढे करतो. आणि अंतराळात वर-खाली अशीही दिशा असते हे या सेनापतींना फारसं आठवत नाही. जुन्या चित्रांची मात्र सवय होते. संगीत तर कान देऊन ऐका: माहलर, ब्रुकनर, शोस्ताकोविच यांच्या सिंफनी लढायांखाली वाजतात आणि स्फोटांचे आवाज मागे पडतात. यांगचा तो झोपाळलेला, गोड आवाज केई तोमियामा यांचा. १९९५ मध्ये ते गेले. पुढे पूर्वकथांच्या मालिकेत यांगला दुसऱ्या कलाकाराने आवाज दिला आहे, चांगला दिला आहे, पण फरक कळतो.

क्रमाबद्दलही विचारलं होतंत. १९८८ चा पहिला चित्रपट राहिला असेल तर आत्ता बघून घ्या, अस्टार्टेच्या आधीची गोष्ट आहे आणि त्यात एक अख्खी लढाई रावेलच्या ‘बोलेरो’वर रचली आहे. १९९३ चा चित्रपट पहिल्या दोन भागांचीच गोष्ट विस्ताराने सांगतो. लढाई कोरडी वाटली असेल तर तो बघा, जेसिका आणि लाप त्यात जास्त भेटतात. मग सरळ ११० भाग. पूर्वकथांचे ५२ भाग सगळ्यात शेवटी. २०१८ पासूनची नवी आवृत्ती देखणी आहे, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला मी जुनीच सांगतो.

आज रात्री सहावा आणि सातवा एका बैठकीत बघा. इझरलोन हा अभेद्य किल्ला यांग अर्ध्या ताफ्यानिशी घेतो, आणि कसा घेतो ते बघताना त्याच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद किती दिसतो तेही बघा.

अण्णा आणि मी सोळाव्या भागावर थांबलो आहोत. अमृतसरच्या पराभवाचं खापर रेशनवाल्यावर फुटून त्याची बदली कुठल्यातरी लांबच्या डेपोवर झाली, तिथे. मी पुण्याला परतलो, ते गावी. काल फोनवर आधी पावसाचं बोलले, मग दुखऱ्या गुडघ्याचं, आणि ठेवता ठेवता विचारलं, “त्या रेशनवाल्याला परत बोलावला का रे?” मी म्हटलं, शनिवारी येतोय, तेव्हा बघू.