सुरकुत्यांची चांदी

छत्रपती संभाजीनगर

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि चांदीचा पत्रा तापवून त्यावर मुद्दाम सुरकुत्या उठवण्याचे दोन्ही नमुने मिळाले. एका पत्र्यावर सुरकुत्या सुरेख उठल्या आणि त्याच रीतीने तापवलेला दुसरा वितळून गोळा झाला, याचे कारण तू आचेत शोधते आहेस. मला ते धातूत दिसते. तू जुन्या पैंजणांची मोड आटवून पत्रे काढलेस, आणि मोडीतले चांदी-तांब्याचे प्रमाण दागिन्यागणिक बदलते.

ही सारी प्रक्रिया त्या तांब्यावरच उभी आहे. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तर ९२.५ टक्के चांदीचा, तांबे मिसळलेला पत्रा ८०० अंशांच्या आसपासच वितळू लागतो. असा पत्रा बेताने तापवला की पृष्ठभागावरचे तांबे काळे पडते, सौम्य गंधकाम्लात ते निघून जाते, आणि हे पुनःपुन्हा केल्यावर वर जवळजवळ शुद्ध चांदीचा पातळ थर उरतो. मग आच वाढवली असता आतला धातू वितळतो, वरचा थर तग धरतो, आणि निवताना दुधावरच्या सायीसारखा आकसून सुरकुततो. शुद्ध चांदीच्या पत्र्यात असे दोन थर तयारच होत नाहीत, म्हणून त्यावर हे साधत नाही.

तेव्हा मोड बाजूला ठेव. ९९९ शुद्धतेची चांदी ८ ग्रॅम आणि स्वच्छ तांबे २ ग्रॅम असे स्वतः तोलून मुशीत आटव. तांबे इतके वाढले की सुरकुत्या अधिक खोल उठतात. असा दागिना विकताना तो ८० टक्के चांदीचा आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे, याबाबत माझा आग्रह आहे.

आपल्याच शहरातल्या बिदरीच्या कारागिराजवळ काही दिवस बसून ये, असेही सुचवतो. जस्तात थोडे तांबे घालून तो भांडे ओततो, त्यात चांदीची तार ठोकून बसवतो, आणि नवसागर मिसळलेल्या मातीने भांडे काळे करतो; जस्ताचा धातू काळा पडतो, चांदी मात्र उजळ राहते. कोणता धातू कशाला कसे उत्तर देतो, हे त्याला नेमके ठाऊक असते. ‘प्रयोगशील’ म्हणून तू ज्याच्या शोधात आहेस, ते कितीतरी पिढ्यांपासून इथे घडत आले आहे.

आम्ल नेहमी पाण्यात घालावे, आम्लात पाणी कधीही घालू नये. झाळणात, म्हणजे धातूचे तुकडे जोडायला वितळवायच्या मिश्रधातूत, कॅडमियम नाही याची विक्रेत्याकडून खात्री करून घे, कारण त्याचा धूर फुफ्फुसांना घातक असतो.

सुरकुतलेला पत्रा ठिसूळ होतो, म्हणून त्याची अंगठी वळवू नकोस. पदक किंवा कानातले कर, आणि कडा कानशीने इतक्या गुळगुळीत कर की ओढणीचा धागा अडकणार नाही. पुढचे नमुने पाठवशील तेव्हा प्रत्येकासोबत चांदी-तांब्याचे वजन आणि तापवण्याच्या फेऱ्या लिहून पाठव.

तुझा हितचिंतक