वेबकॉमिक्स वाचायला सुरुवात करायची आहे, नवीन माणसाने कुठून सुरू करावं?

तुम्ही लिहिलंय की लोकांकडून दोनतीन वेबकॉमिक्सची, म्हणजे थेट इंटरनेटवर येणाऱ्या चित्रकथांची, नावं ऐकली, साईट उघडली, हजारो जुन्या पानांचा साठा दिसला आणि टॅब बंद केला. नवीन वाचकांपैकी बरेच जण तिथेच थांबतात, कारण शिफारस करणारा माणूस आपलं सगळ्यात लाडकं कॉमिक सांगतो आणि ते नेमकं पंधरा-वीस वर्षं चालू असलेलं असतं. माझं म्हणणं असं आहे की आधी एका बैठकीत संपणारं काहीतरी वाचा, मग एक पूर्ण झालेली मोठी गोष्ट वाचा, आणि चालू असलेल्या कॉमिक्सकडे त्यानंतरच वळा. तोपर्यंत तुम्हाला काय आवडतं हे तुमचं तुम्हालाच कळलेलं असेल.

एका बैठकीतलं म्हणजे एमिली कॅरोलचं 'हिज फेस ऑल रेड', 2010 मधलं. भयकथा आहे. सांगणारा माणूस सुरुवातीलाच सांगून टाकतो की समोर लोकांत बसलेला हा माझा भाऊ नाही, कारण भावाला मीच मारलंय. एवढं कळल्यावर पुढे काय उरणार असं वाटतं ना, पण खरी भीती तिथूनच सुरू होते. पुढे एका ठिकाणी तो जंगलातल्या खड्ड्यात उतरतो, आणि तिथे चित्रं एकाखाली एक येत राहतात, अंधार वाढत जातो, उतरतोय तो पण बोटाने स्क्रोल आपण करतोय, म्हणजे नको वाटत असताना त्याला खाली नेणारे आपणच. ही गोष्ट नंतर पुस्तकातही आली पण माझ्या मते ती स्क्रीनवरच वाचावी. कॉमिक्स काढणाऱ्या आणि त्यांच्यावर लिहिणाऱ्या स्कॉट मॅकक्लाउडने 2000 साली मांडलं होतं की स्क्रीनवर कॉमिकला पानाची मर्यादा पाळायची गरज नाही, कॅनव्हास हवा तेवढा पसरू शकतो. त्याचा अर्थ काय ते कॅरोलचं हे एक कॉमिक वाचलं की आपोआप समजतं. वेबकॉमिक म्हणजे छापील कॉमिकचे स्कॅन, असा समज असेल तर तोही इथेच जातो. फक्त रात्री एकट्याने वाचू नका, हे मनापासून सांगतोय.

आता मोठी आणि पूर्ण झालेली गोष्ट. मला एकच नाव द्यायला सांगितलं तर उर्सुला व्हर्ननचं 'डिगर'. नायिका डिगर ही वॉम्बॅट आहे, म्हणजे बिळं खोदणारा तो गुबगुबीत प्राणी, आणि तिच्या जमातीत सगळे पक्के इंजिनियर डोक्याचे, देव आणि जादू म्हटलं की कपाळावर आठ्या. ही बाई बोगदा खोदता खोदता वाट चुकते आणि वर निघते ती थेट एका देवळात, समोर गणपतीची मूर्ती, आणि मूर्ती बोलते! बोलते पण अगदी शांत, समजूतदारपणे. हिचा देवांवर काडीचा विश्वास नाही, तरी या एका देवाशी तिचं जे जमत जातं ते फार सुंदर लिहिलंय. पुढे जमातीने हाकलून दिलेला एक तरस भेटतो, त्याचं नावसुद्धा जमातीने काढून घेतलंय, मग डिगर त्याला साधंसं 'एड' म्हणायला लागते. त्या दोघांची मैत्री हा माझ्यासाठी अख्ख्या कॉमिकचा गाभा आहे. सगळं काळ्यापांढऱ्यात आहे, 2011 मध्ये संपलं, 2012 मध्ये त्याला ह्युगो हा विज्ञानकथा-अद्भुतकथांचा नावाजलेला पुरस्कार मिळाला. सुरुवात, मध्य, शेवट सगळं जागच्या जागी आहे, त्यामुळे पुढचं पान कधी येणार म्हणून ताटकळत बसावं लागत नाही.

एवढं लांब नको असेल तर एक्सकेसीडी आहेच, रँडल मन्रोचं, 2005 पासून चालू, काड्यांची माणसं आणि विज्ञान-गणिताचे विनोद. हे क्रमाने वाचायची अजिबात गरज नाही, रँडम बटण दाबत बसायचं. प्रत्येक चित्रावर माऊस नेला की अजून एक ओळ दिसते आणि कित्येकदा खरी गंमत तिथेच असते, मोबाईलवर वाचणाऱ्यांची ती हमखास सुटते म्हणून मोबाईलची वेगळी आवृत्ती उघडा, तिथे ती ओळ बघायची सोय आहे. एखादा विनोद डोक्यावरून गेला तर सोडून द्या, पुढचा बघा. पण त्यातलं 'टाइम' मात्र वेगळं बसून बघा. 2013 मध्ये हे एक चित्र म्हणून आलं, दोन माणसं समुद्राकाठी बसलेली, बस्स. मग ते चित्र आपोआप बदलायला लागलं, आधी दर अर्ध्या तासाने, नंतर दर तासाने, आणि हे चार महिने चाललं, 3000 च्या वर फ्रेम झाल्या. ती दोघं वाळूचा किल्ला करतायत, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात येतं की पाणी वर चढतंय. का चढतंय ते मी सांगणार नाही. चाहत्यांनी सगळ्या फ्रेम सलग बघता येतील असे व्ह्यूअर बनवलेत, त्यातच बघा, कारण मूळ पानावर आता तो प्रवास दिसत नाही.

चित्र काढता येत नाही म्हणून कॉमिक करता येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी रायन नॉर्थचं 'डायनोसॉर कॉमिक्स' बघावं, 2003 पासून त्याच सहा चौकटी, तेच डायनोसॉर, बदलतात फक्त संवाद.

चालू असलेल्यांपैकी माझी शिफारस टॉम सिडेलचं 'गनरक्रिग कोर्ट'. हेसुद्धा 2005 पासून चालू आहे. एका अवाढव्य, विचित्र शाळेत अँटिमनी नावाची मुलगी येते, नदीच्या एका बाजूला यंत्रं आणि शिस्त, पलीकडे जंगल आणि त्यातले जुने देव-प्राणी, मध्ये एक लांबच लांब पूल. पहिल्याच प्रकरणात तिच्या लक्षात येतं की आपल्याला एक जास्तीची सावली चिकटलीय, जंगलातून चुकून आलेली, तिला घरी जायचंय पण पूल ओलांडता येत नाही. तर ही पोरगी घाबरत वगैरे नाही, सुटे भाग जमवून एक रोबो बनवते आणि सावलीला त्याच्यासोबत पाठवते. त्या छोट्याशा कामाचे परिणाम पुढे वर्षानुवर्षं उलगडत जातात, आणि लेखक एकही धागा विसरत नाही याचं मला खरंच कौतुक वाटतं.

इथे एक गोष्ट आवर्जून. याची सुरुवातीची चित्रं ओबडधोबड आहेत, आणि बहुतेक लांबलचक वेबकॉमिक्सचं हेच असतं, कारण माणूस आपल्यासमोर काढत काढतच शिकलेला असतो. पहिल्या दहा पानांवरून निकाल देऊ नका, दोन पूर्ण प्रकरणं वाचा, तरी पकड आली नाही तर बिनधास्त सोडा. पण नवी चित्रं छान दिसतात म्हणून मधूनच घुसू नका, गोष्टवाली कॉमिक्स पहिल्या पानापासूनच वाचायची.

वेबटून ॲपबद्दलही विचारलंय तुम्ही. मोबाईलवर उभं स्क्रोल करत वाचायचं, रंगीत, सोपं. रेचल स्माइथचं 'लोर ऑलिंपस' तिथे 2018 ते 2024 चाललं, पर्सेफोनी आणि हेडीसची ग्रीक पुराणातली गोष्ट आजच्या काळात आणलेली, पूर्ण झालंय. त्यात लैंगिक अत्याचाराचा भाग आहे हे माहीत असू दे, लहान मुलांना देऊ नका. ॲपचा त्रास एकच, ते सतत नवनवीन मालिका समोर आणतं आणि हातातली अर्धवट राहते. ॲलिस ओसमनचं 'हार्टस्टॉपर' वेबसिरीजमुळे ऐकलं असेलच, ते मुळात 2016 मध्ये ऑनलाईन सुरू झालेलं कॉमिक आहे, मन जड असेल त्या दिवशी तेच उघडा.

इंग्रजी वाचायला जरा जड जातं म्हणालात, तर 'हार्टस्टॉपर'पासूनच सुरुवात करा, छोटे रोजच्या बोलण्यातले संवाद आहेत आणि अर्धी गोष्ट चेहऱ्यांवरच कळते. एक्सकेसीडी त्या मानाने नंतर.

आणि हो, चालू कॉमिक्स रोज जाऊन तपासत बसू नका. साईटची आरएसएस फीड, म्हणजे नवं पान आलं की आपोआप कळवणारी सोय, असेल तर ती फीड रीडर ॲपमध्ये टाका, नसेल तर बुकमार्क करून महिनाभराने या आणि साठलेली पानं एकदम वाचा, गोष्टीची लय तशीच नीट लागते. यातली बरीचशी कॉमिक्स एकटा माणूस लिहितो, काढतो, रंगवतो आणि फुकट ठेवतो, त्यामुळे मध्ये खंड पडला तर चिडू नका. आवडलं तर त्याचं पुस्तक घ्या, त्यावरच यांचं चालतं. 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' या वेबकॉमिकवाल्या रिच बर्लूने 2012 मध्ये जुनी पुस्तकं पुन्हा छापायला किकस्टार्टर या लोकांकडून पैसे गोळा करायच्या साईटवर वाचकांकडे पैसे मागितले तर साडेबारा लाख डॉलरच्या वर जमले होते, आणि ते कॉमिक साईटवर आधीपासून फुकटच होतं.