वाचकांचे प्रश्न : जन्मदाखला न मागता झालेली भरती

प्रश्न : माझा नातू तेरा वर्षांचा आहे. त्याच्याच वयाचा एक इंग्रज मुलगा पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील सोमच्या लढाईत मशीनगन पथकात होता, असे शाळेच्या प्रकल्पासाठी वाचन करताना त्याला आढळले. हे खरे आहे का? असल्यास, वयाची अट असताना हे घडले कसे आणि अशा मुलांना आईवडील परत आणू शकत नव्हते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या नातवाने वाचले ते खरे आहे. त्या मुलाचे नाव सिडनी लुईस. लंडनच्या टूटिंग भागातला हा मुलगा ऑगस्ट १९१५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ईस्ट सरे पलटणीत दाखल झाला आणि पुढच्या वर्षी तेरा वर्षांचा असताना सोमच्या आघाडीवर डेलव्हिल वूडच्या परिसरात लढला. तो कुठे आहे हे त्याच्या आईला रजेवर आलेल्या एका सैनिकाकडून कळले. तिने मुलाचा जन्मदाखला थेट युद्ध खात्याकडे पाठवला आणि त्याला घरी धाडण्याची मागणी केली. ती मान्य झाली व सिडनी परत आला. ही हकिकत घरच्यांकडे अनेक वर्षे सांगोवांगीच राहिली होती. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने कागदपत्रे तपासून ती ग्राह्य मानली ते २०१३ मध्ये.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. ब्रिटिश सैन्यात भरतीसाठी १८ वर्षे आणि परदेशी आघाडीवर पाठवण्यासाठी १९ वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. भरतीच्या अर्जात वयाचा रकाना होता. परंतु त्यात सांगितलेल्या वयाचा पुरावा मागण्याची सक्ती नव्हती. इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद १८३७ पासून होत असे, म्हणजे दाखला मिळवणे मुळीच अवघड नव्हते. तरीही तो मागितला जात नसे, कारण १९१४ च्या शरद ऋतूत सैन्याला माणसे हवी होती आणि भरती करणाऱ्या सार्जंटला दर माणशी अर्धा क्राऊन, म्हणजे अडीच शिलिंग, मिळत असत. साध्या शिपायाचा रोजचा पगार एक शिलिंग होता हे लक्षात घेतले, की या रकमेचे वजन कळते. खरे वय सांगणाऱ्या मुलाला सार्जंटने ‘बाहेर एक फेरी मारून ये आणि एकोणीस वर्षांचा होऊन परत ये’ असे सुचवल्याच्या आठवणी पुढे अनेकांनी सांगितल्या आहेत. वयापेक्षा उंची आणि छाती यांच्या मापाला महत्त्व होते, त्यामुळे अंगाने थोराड मुलगा सहज खपून जाई. अशा रीतीने १९ वर्षांखालील सुमारे अडीच लाख मुले सैन्यात गेली, असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

मुले स्वतःहून जात होती, हे नाकारता येणार नाही. बारा-चौदाव्या वर्षी शाळा सुटून गिरणीत, खाणीत किंवा दुकानात राबणाऱ्या मुलाला पोटभर जेवण, चांगले बूट आणि मित्रांची सोबत यांची ओढ वाटणे स्वाभाविक होते. त्याशिवाय रस्त्यावरची लाज होती. गणवेशात नसलेल्या पुरुषाला भ्याड ठरवण्यासाठी पांढरे पीस हातात देण्याची टूम ऑगस्ट १९१४ मध्ये फोकस्टन येथे निघाली. लीड्सच्या होरेस आइल्सला ट्राममध्ये असेच पीस मिळाले, आणि चौदा वर्षांचा, पण उंचापुरा असलेला तो मुलगा ‘लीड्स पॅल्स’ या पलटणीत भरती झाला. आता तरी खरे वय सांगून घरी ये, अशी विनवणी करणारे पत्र त्याची बहीण फ्लोरी हिने जुलै १९१६ मध्ये लिहिले. ते ‘लढाईत कामी आला’ असा शेरा घेऊन परत आले. होरेस १ जुलै रोजी, म्हणजे पत्र लिहिण्यापूर्वीच, सेर गावासमोर पडला होता. त्याला सोळावे वर्ष चालू झाले होते की संपले होते, याचा हिशेब त्या घराला काय दिलासा देणार होता, हे मला सुचत नाही.

मुलगा परत मागता येत होता. परंतु सैन्यात सांगितलेले वय हेच अधिकृत वय मानण्याची पद्धत असल्यामुळे परत मागण्याचा हा हक्क बजावायचा कसा, हे बहुतेक गरीब आईबापांना ठाऊक नव्हते. काही मुलांनी नावच खोटे दिलेले असे, मग शोध घ्यायचा कोणाचा? मॅन्सफील्डचे खासदार सर आर्थर मार्कहॅम यांनी हा विषय संसदेत वारंवार लावून धरला, आणि १९१६ च्या मध्यापर्यंत अल्पवयीन मुलांना आघाडीवरून मागे घेण्याविषयी खात्याचे धोरण काहीसे स्पष्ट झाले. त्याच वर्षी सक्तीची भरती आल्यावर नागरिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीतून नावे काढली जाऊ लागली आणि ही फट बरीच बुजली. व्हॅलेंटाइन स्ट्रडविकसाठी मात्र तोवर उशीर झाला होता. चौदाव्या वर्षी भरती झालेला हा मुलगा सोळावा वाढदिवस महिन्यावर असताना, १४ जानेवारी १९१६ रोजी मारला गेला. बेल्जियममध्ये ईप्रजवळच्या एसेक्स फार्म दफनभूमीत त्याचे थडगे असून, शाळांच्या सहलीतील मुले तिथे थांबतात, कारण दगडावर वय १५ कोरलेले आहे. नातवाच्या प्रकल्पात एकच छायाचित्र लावायचे असेल, तर ते याचे लावावे.

प्रश्न : माझा मुलगा साडेसतरा वर्षांचा असून अग्निवीर भरतीची तयारी करतो आहे. अठरा पूर्ण नसताना हे कायदेशीर आहे का? (एक माता, सातारा)

उत्तर : होय. अग्निवीर भरतीसाठी किमान वय साडेसतरा वर्षे आहे. बालकांच्या युद्धातील सहभागाविषयीच्या २००० सालच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अठरा वर्षांखालील कोणालाही प्रत्यक्ष लढाईत उतरवू नये याची दक्षता देशांनी घ्यायची आहे. स्वेच्छेची भरती त्याआधी करता येते. भारताने हा करार २००५ मध्ये मान्य केला आणि अठरा पूर्ण झाल्याशिवाय जवानाला कारवाईच्या क्षेत्रात पाठवले जात नाही, असे त्यावेळी लेखी कळवले. आपल्या मुलाकडे वयाचा पुरावा म्हणून दहावीचे प्रमाणपत्र मागितले जाईल, आणि तो अठरा वर्षांखालील असेपर्यंत भरतीच्या अर्जावर आपली किंवा त्याच्या वडिलांची सही लागेल.