आर्किटेक्चर शिकताना कोणत्या इमारती मनात बसल्या? आणि हे क्षेत्र निवडल्याचा पश्चात्ताप होतो का?

तू बारावीत आहेस असं प्रश्नात लिहिलंयस, म्हणून 'तू'च म्हणते. मी पुण्यात बी.आर्क.च्या पाचव्या वर्षाला आहे. पश्चात्ताप नाही, पण शंका येतात. चौथ्या वर्षी तर रोज यायच्या.

आधी इमारती. पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची. पहिल्या वर्षी आम्हाला तिथे स्केचिंगला नेलं होतं. भिंतीत खाली आपला काळा बेसॉल्ट, त्यावर कडप्पा आणि सगळ्यात वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, त्यात आभाळ दिसतं. खगोलशास्त्राची संस्था, म्हणून काळ्यावर काळं. मी कुंडाच्या पायरीवर बसले आणि तासभर पेन्सिल हातात तशीच राहिली.

दुसरी खरं तर वस्ती आहे. नवी मुंबईतल्या बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज, तेही कोरियांचंच, 1980 च्या दशकातलं. साधारण सात घरं आणि मध्ये आठ बाय आठ मीटरचं अंगण, अशी मांडणी. दोन घरांत सामाईक भिंत नाही, त्यामुळे पैसे जमतील तसं ज्याचं त्याने घर वाढवावं. लोकांनी वाढवलंही. मूळची उतरती कौलारू घरं आता थोडीच उरलीत, बाकी ठिकाणी दोन-तीन मजली बंगले झालेत. पुष्कळांना याची हळहळ वाटते, मला नाही वाटत. मी गेले तेव्हा एका अंगणात बाजेवर पापड वाळत होते आणि दोन पोरं त्यांना वळसा घालून सायकल चालवत होती. घरं बदलली, अंगण टिकलं. कोरियांना हेच तर हवं होतं ना?

कोपरगावचं माया सोमय्या ग्रंथालयही जमलं तर बघ. आर्किटेक्ट समीप पडोरांनी 2018 मध्ये शाळेच्या आवारात बांधलंय. पातळ विटांच्या थरांचं छत थेट जमिनीतून वर उठतं, मुलं त्यावरून चालत पलीकडे जातात.

आता शंकांचं. ट्रेनिंगसाठी एका ऑफिसात होते. चार महिने एका टॉवरच्या पार्किंगच्या नकाशात गाड्या बसवल्या. कॉलम इकडे सरकव, रॅम्प तिकडे फिरव, एक गाडी जास्त बसली की सगळे खूश. स्टायपेंड खोलीभाडं आणि मेसमध्येच संपायचा. माझ्याबरोबर बारावी झालेली मैत्रीण तेव्हा आयटीत नोकरीला लागली होती. घरी फोन करून "सोडून देऊ का?" असं मी आईला दोनदा विचारलं.

मग एका छोट्या बंगल्याच्या साइटवर पाठवलं. गच्चीवर उभी असताना मिस्त्री म्हणाले, "मॅडम, ढाळ उलटा पडतोय. पाणी जिन्यात येणार." ड्रॉइंगचं शीट उघडलं. उताराचा बाण मीच काढला होता, जिन्याच्या दाराकडे. त्यांनी पाणी भरलेली नळी दोन टोकांना धरून मला लेव्हल दाखवली, किती इंच उचलावं लागेल तेही सांगितलं. त्याच संध्याकाळी मी शीट दुरुस्त केलं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा कुणी सांगितलं नसताना स्कूटी घेऊन तिथे गेले. पाणी सरळ पाइपाकडे वाहत होतं. भिजत अर्धा तास बघत राहिले. त्यानंतर आईला तो प्रश्न विचारला नाही.

पैशांची चिंता मिटलेली नाही. डिग्रीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही आणि सुरुवातीचे पगार कमीच असतात. घरून दोन-तीन वर्षं आधार मिळेल का, हे आत्ताच आई-बाबांशी स्पष्ट बोलून घे. मी एम.आर्क. लांबणीवर टाकलंय. आधी दोन वर्षं अशा ठिकाणी काम करणार, जिथे साइटवर जायला मिळेल.

नाटा, म्हणजे आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा, द्यायच्या आधी एक दिवस बेलापूरला जाऊन ये. सीबीडी बेलापूर स्टेशनवरून रिक्षा मिळते. सकाळी लवकर जा, तेव्हा अंगणात माणसं असतात.