पॅक-12 फुटली, विद्यापीठ नाही

प्रिय बीव्हर्टनकर,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र सविस्तर आहे, पण बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. चिरंजीव अकरावी संपवतायत. लहानपणापासून सॉकर खेळायचे, नववीत शाळेच्या फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) कोचने पाय बघून किकर, म्हणजे चेंडू लाथेने गोलपोस्टमधून मारणारा, म्हणून ओढून नेलं आणि आता तेच वेड लागलंय. दोन ठिकाणांहून विचारणा आहे. बिग टेन या श्रीमंत कॉलेज लीगमधलं एक बडं विद्यापीठ ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’ म्हणून घ्यायला तयार आहे, म्हणजे संघात जागा, पण फी आपली आपण भरायची. दुसरं, पॅक-12 ही लीग फुटल्यावर मागे राहिलेल्या दोन विद्यापीठांपैकी एक. तिथले कोच स्कॉलरशिपचं तोंडी बोलले आहेत. इंजिनिअरिंग दोन्हीकडे आहे. तुम्ही लिहिता, “ज्या लीगमधून दहा जण पळाले, तिथे मुलाला घालणं म्हणजे बुडत्या जहाजाचं तिकीट काढणं नाही का? आम्ही क्रिकेटवाले, आम्हाला यातलं कळत नाही.” आणि खाली वेगळ्या शाईत वहिनींची एक ओळ: “त्याने आधी नीट शिकावं, एवढंच मला वाटतं.”

बुडालं काय आणि शाबूत काय, ते आधी वेगळं करू. पॅक-12 ही 1915 साली सुरू झालेली पश्चिम किनाऱ्यावरची कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी सामने खेळणाऱ्या आणि टीव्हीचे पैसे वाटून घेणाऱ्या विद्यापीठांची जूट. 30 जून 2022 ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जातो म्हणून जाहीर केलं. पुढच्या वर्षी जुलैत कोलोराडोने बिग 12 ही दुसरी कॉन्फरन्स गाठली. उरलेल्यांपुढे अ‍ॅपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव होता. त्यात किती लोक वर्गणी भरतात त्यावर पैसे अवलंबून होते, आणि तेवढ्यावर थांबायला कोणी तयार नव्हतं. 4 ऑगस्ट 2023 या एकाच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे गेले, तर अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग 12 कडे. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) यांना अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने घेतलं. पॅसिफिकच्या काठावरची विद्यापीठं अटलांटिकच्या नावाखाली खेळतात, यावर कोणी हसतसुद्धा नाही आता. मागे राहिली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. मग वाटण्यांमध्ये होतं तेच झालं: निघून जाणारे दहा जण तिजोरीवर हक्क सांगत राहिले आणि घरात राहिलेले दोघे कोर्टात गेले. नोव्हेंबर 2023 मध्ये कोर्टाने कारभार या दोघांच्या हाती दिला.

हे दोघेच मागे का राहिले, याचं उत्तर तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. त्यांच्या वर्गांत, प्रयोगशाळांत किंवा पदवीत काही कमी होतं म्हणून नव्हे. ती ज्या गावांत आहेत, ती कॉर्व्हॅलिस आणि पुलमन ही छोटी गावं आहेत. तिथे टीव्हीचे प्रेक्षक कमी, म्हणून वाहिन्यांना रस कमी. अभ्यासाचा निकष असता तर स्टॅनफर्ड आणि कॅलला सगळ्यात आधी मागणी आली असती. प्रत्यक्षात ती दोघं जवळजवळ शेवटी उचलली गेली, आणि तीही पडतं घेऊन: पहिली काही वर्षं टीव्हीच्या पैशात साधारण 30 टक्केच वाटा. त्यांच्याबरोबर आलेल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने तर नऊ वर्षं त्या पैशातलं काहीच नको असं कबूल करून दार उघडून घेतलं. कॅल आणि यूसीएलए तर एकाच सरकारी व्यवस्थेतली भावंडं. यूसीएलएच्या जाण्याने कॅलचं नुकसान झालं, म्हणून यूसीएलएने त्याला वर्षाला 1 कोटी डॉलर द्यावेत, असं त्या व्यवस्थेच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने, ठरवलं.

या सगळ्याची सुरुवात 1984 ची आहे. तोपर्यंत कॉलेज फुटबॉलचं टीव्ही प्रक्षेपण एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था ठरवायची, कोणाचे किती सामने दाखवायचे यासकट. ओक्लाहोमा विद्यापीठाने दावा लावला आणि सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 मतांनी ती मक्तेदारी मोडली. (विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे एकेकाळचे नावाजलेले फुटबॉलपटू. हे सोडून दिलंत तर पैसाच सगळं ठरवेल, असा त्यांचा सूर होता.) तेव्हापासून प्रत्येक कॉन्फरन्स आपला माल आपण विकते. बिग टेनने 2022 मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, 7 अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. टेक्सस आणि ओक्लाहोमा 2024 मध्ये एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्समध्ये गेल्यावर पैशाचं दुसरं टोकही पक्कं झालं. 2026 पासून राष्ट्रीय प्लेऑफच्या पैशांपैकी सुमारे 29 टक्के बिग टेनला आणि तेवढेच एसईसीला, म्हणजे निम्म्याहून जास्त दोघांतच. बाकी सगळ्या देशाने उरलेल्यात भागवायचं.

म्हणून तुमची भीती अगदीच खोटी नाही. दुर्बळ संघात घडलेला खेळाडू बलवान संघ उचलून नेतो, हे आता उघड चालतं. कॅम वॉर्ड वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा, होता. जानेवारी 2024 मध्ये मायामी विद्यापीठात गेला आणि 2025 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या निवडीत, पहिला निवडला गेला. त्याच्या जागी जॉन मटीर उभा राहिला, तो वर्षभरात ओक्लाहोमाला गेला. त्याच हिवाळ्यात कोच जेक डिकर्टही वेक फॉरेस्टला गेले. ओरेगन स्टेटचे कोच जोनाथन स्मिथ तर तिथलेच माजी खेळाडू, तरी 2023 चा हंगाम संपता संपता मिशिगन स्टेटला निघून गेले.

पण तुमच्या मुलाच्या बाबतीत हे वारं उलट्या दिशेनेही वाहतं, आणि ते मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही. बड्या विद्यापीठाने त्याला संघातली जागा देऊ केली आहे, पैसे नाहीत. जून 2025 मध्ये ‘हाऊस’ या खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या खटल्याची तडजोड मंजूर झाली. तिच्यानुसार विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, 2025-26 साठी साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत, आणि त्यातला मोठा हिस्सा बहुतेक ठिकाणी फुटबॉलकडे जातो. या व्यवस्थेत आलेल्या विद्यापीठांवर त्याबरोबर दुसरी अट आली: फुटबॉल संघात जास्तीत जास्त 105 जण. पूर्वी 85 स्कॉलरशिपवाले आणि वर वाटेल तेवढे वॉक-ऑन असत, सव्वाशेच्या घरात संघ जायचा. आता 106 व्या मुलाला जागाच नाही. मग कात्री लागते कोणाला? ज्याच्यावर विद्यापीठाचा एक डॉलरही लागलेला नाही, त्याला. ‘प्रेफर्ड’ हा शब्द कोचच्या तोंडी गोड लागतो, पण त्याला कागदावर किंमत नाही.

त्यात किकरची जागा एकच. पुढच्या फळीतल्या लाइनमनला दुखापती होतात, माणसं आलटून पालटून लागतात, पण किकर एक चांगला मिळाला की तो तीन-चार वर्षं हलत नाही, दुसरा बाकावर बसून राहतो. आणि बड्या संघाला चांगला किकर हवा असेल तर तो ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, तयार माणूस घेतो, सामन्याच्या दडपणात किक मारून दाखवलेला. अठरा वर्षांच्या पोराची वाट का बघेल? चिरंजीवांनी पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. पाय खरंच जोरकस आहे. पण शाळेत गोलपोस्टमधलं अंतर 23 फूट 4 इंच असतं, कॉलेजात 18 फूट 6 इंच. शाळेत चेंडूखाली दोन इंचांपर्यंतचा ठोकळा चालतो, कॉलेजात फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारायची किक, जमिनीवरून मारायचा. व्हिडिओतल्या सगळ्या किक ठोकळ्यावरच्या आहेत, आणि उजव्या खांबाला चाटून गेलेल्या निदान तीन कॉलेजात बाहेर पडल्या असत्या. या उन्हाळ्यात ठोकळा कपाटात ठेवायला सांगा. चेंडू मागे फेकल्यापासून किक बसेपर्यंत 1.3 सेकंद, असा हिशेब कोच धरतात. व्हिडिओत तो वेळ दिसला पाहिजे.

वॉक-ऑनचं नशीब उघडतच नाही असं मी म्हणत नाही. वॉशिंग्टनचा ग्रेडी ग्रोस वॉक-ऑनच होता. नोव्हेंबर 2023 मध्ये वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध शेवटच्या क्षणी 42 यार्डांवरून किक घालून त्याने अ‍ॅपल कप (या दोघांचा दरवर्षीचा सामना) 24-21 असा जिंकून दिला आणि कोच कॅलन डीबोर यांनी त्याला स्कॉलरशिप जाहीर केली. तो व्हिडिओ तुमच्या घरी नक्की फिरला असणार. पण त्याच डीबोरनी जानेवारीत अलाबामाची वाट धरली, हेही लक्षात ठेवा. ग्रोसची स्कॉलरशिप तोवर जाहीर झाली होती. कोचच्या नुसत्या मनात ज्यांची होती, त्यांनी नव्या कोचकडे काय दाखवायचं?

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. मागे राहिलेल्या विद्यापीठाने स्कॉलरशिप कागदावर दिली तर तिकडे पाठवा. तिथे किक मारायला मिळण्याची शक्यता जास्त, फीचा भार कमी, आणि ती पोर्टलची शिडी उद्या त्याच्याही कामाला येईल. पॅक-12 सुद्धा जुलै 2026 पासून बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरेंना घेऊन नव्याने उभी राहते आहे. पूर्वीचा थाट नाही, पण सामने आहेत, टीव्ही आहे. बिग टेनचं नाव त्याच्या छातीवर असेल आणि तो शनिवारी बाकावर बसलेला असेल, याचा त्याला चार वर्षांनी काही उपयोग नाही. फुटबॉल वजा करूनही त्या बड्या विद्यापीठाची पूर्ण फी तुम्ही आनंदाने भरली असती, तरच तो पर्याय जिवंत ठेवा. हा हिशेब तुम्ही दोघांनी मुलासमोर बसून करा, त्याच्या पाठीमागे नको.

तोंडी ऑफर दोन्ही बाजूंना बांधत नाही. खेळाडूला विद्यापीठाशी बांधणारं जुनं लेटर ऑफ इंटेंट 2024 मध्ये बंद झालं, आता थेट आर्थिक मदतीच्या करारावर सही होते. त्यात बघायचं ते हे: रक्कम पूर्ण फीची की थोडी, एका वर्षाची की चार, गुडघा गेला तर काय, कोच बदलला तर काय. शेवटच्या दोन प्रश्नांना कोच तोंडी उत्तर देतील. ते ऐकून घ्या आणि नम्रपणे म्हणा की हेच ईमेलवर पाठवा. आणि संघात आत्ता किती किकर आहेत, कोण कुठल्या वर्षाला आहे, हे मुलाने स्वतः विचारावं. वडिलांनी विचारलेलं कोचना आवडत नाही.

वहिनींना वेगळं सांगतो. इंजिनिअरिंग आणि फुटबॉल दोन्ही शांतपणे करायचं तर डिव्हिजन थ्रीकडे, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तराकडे, एकदा बघा. कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, रोझ-हलमन, एमआयटी, सगळ्यांचे फुटबॉल संघ आहेत. खेळासाठी स्कॉलरशिप तिथे मिळत नाही, मदत गरजेवर किंवा गुणांवर. पण संघातून नाव गेलं म्हणून ती मदत जात नाही. तुमच्या पत्रात या वाटेचा उल्लेखच नाही, म्हणजे मुलाने घरी विषय काढलेला नसणार. किकरना तिथेही मागणी असते.

(चिरंजीव इथेच जन्मले म्हणून नाव-प्रतिमेच्या (स्वतःचं नाव आणि चेहरा जाहिरातीला देऊन मिळणाऱ्या) पैशांची अडचण नाही. एच-4 किंवा एफ-1 व्हिसावरच्या मुलांच्या पालकांनी मात्र असा एक डॉलर घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं.)

धाकटी आठवीत आहे आणि व्हॉलीबॉल खेळते असं ओघात लिहिलंय. कॉन्फरन्सच्या या उलथापालथीचा खरा फटका तिच्यासारख्यांना बसतो. फुटबॉल संघ आठवड्याला एक सामना खेळतो, चार्टर विमानाने जातो. वॉशिंग्टनचा फुटबॉल संघ सप्टेंबर 2024 मध्ये एका शुक्रवारी रात्री न्यू जर्सीत रटगर्सशी खेळला, चार हजार किलोमीटरच्या आसपास, पण तसे दौरे त्यांना हंगामात मोजकेच. व्हॉलीबॉलवाल्या मुलींना आठवड्यात दोन-दोन सामने, तेही अधल्या-मधल्या वारी. फुटबॉलच्या टीव्ही करारासाठी आखलेल्या नकाशावर त्या फिरतात आणि परतीच्या विमानात गणितं सोडवतात. तिची वेळ येईल तेव्हा कॉलेज निवडताना आधी मागच्या हंगामाचं वेळापत्रक काढून बघा, बुधवारी रात्री संघ कुठे होता ते.

करार हातात आला की सही करण्याआधी मला पाठवा. फक्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नको. तेव्हा फुटबॉलच्या सह्या असतात आणि माझा फोन सकाळपासून वाजत असतो. थँक्सगिव्हिंगच्या आधी पाठवलात तर ओळ न् ओळ वाचून देईन.