बिशपची टांकसाळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : धर्मगुरूंना नाणी पाडायचा हक्क दिला कोणी? (सांगली)

जर्मन राजांनी. दहाव्या शतकात ओटो घराण्याने बाजार, जकात आणि टांकसाळ बिशपांच्या व मठांच्या पदरात टाकली. यात भक्ती होती, तसा हिशेबही होता. सरदाराला दिलेले त्याच्या मुलाकडे जाते. बिशपची गादी वंशाने चालत नाही, म्हणून दिलेला हक्क एका घराण्याचा होऊन बसत नाही. क्वेडलिनबुर्गच्या मठाला ९९४ मध्ये हा हक्क मिळाला. तिथे कारभार बाईकडे असे, त्यामुळे पुढे तिथल्या नाण्यांवरही मठप्रमुख बाईच बसलेली दिसते.

प्रश्न : काही नाण्यांच्या मागे तेच चित्र उलटे, खोलगट का असते? (नाशिक)

ती ब्रॅक्टिएट. चांदीचा पत्रा इतका पातळ की दोन्हीकडून ठसा मारला तर एक चित्र दुसऱ्याला मोडेल. म्हणून खाली मऊ आधार ठेवून वरून एकच ठसा मारत. वजन ग्रॅमभरही भरत नाही, पण हाल्बरश्टाटच्या नाण्यावर दगडांचा मारा सोसणारा संत स्टीफन मारेकऱ्यांसह मावला आहे. मला विचाराल तर मध्ययुगीन युरोपात याहून देखणे नाणे पडले नाही.

प्रश्न : पण इतके नाजूक नाणे टिकायचे कसे? (पुणे)

टिकावे अशी कोणाची इच्छाच नव्हती! माग्डेबुर्गचा आर्चबिशप विखमान (११५२–११९२) वर्षातून दोनदा नाणी बदलायला लावी. जुनी बारा द्या, नवी नऊ घ्या. म्हणजे चौथा हिस्सा बट्टा, तोही सहा महिन्यांनी पुन्हा. नाण्यावर चिलखतातला संत मॉरिस, कमाई मात्र आर्चबिशपची. पैसा साठवून ठेवणारा बुडालाच, म्हणून मोठे व्यापारी चांदीच्या लगडींवर व्यवहार करत. पुढे कित्येक शहरांनी घसघशीत रक्कम मोजून ही अदलाबदल कायमची बंद करून घेतली. त्या न बदलणाऱ्या नाण्याला लोक ‘कायमचा फेनिग’ म्हणत; फेनिग म्हणजे चांदीचे छोटे जर्मन नाणे.

प्रश्न : गोव्याच्या जुन्या नाण्यांवर संत आहेत. तीही चर्चची का? (मडगाव)

नाही. सेंट थॉमस असो वा सेंट सेबॅस्टियन, ती पोर्तुगालच्या राजाची नाणी.

प्रश्न : ऑनलाइन लिलावात ब्रॅक्टिएट घ्यावे का? (ठाणे)

घ्या, पण जपून. अठराव्या शतकात हानोव्हरच्या निकोलाउस झेलँडर या खोदकाम करणाऱ्या कारागिराने बनावट ब्रॅक्टिएट पाडली आणि जाणकारांनाही चकवले. त्यामुळे ‘दोनशे वर्षे जुन्या संग्रहातले’ एवढ्यावर भुलू नका. वजन मागवा, मागच्या बाजूचा फोटो मागवा, आणि तेच नाणे आधी कुठल्या लिलावात विकले गेले ते विचारा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर सोडून द्या.